मास्तरिणीचा उजवा हात

मित्रांनो, मी कात्री आहे. जुनी आहे, वजनाला भारी आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. पहिल्या दोन गोष्टी मला पाहताच तुमच्या लक्षात येतील. तिसरी मी आपणहून कबूल करते, कारण ती लपवली तर माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

माझी दोन पाती पोलादाची आहेत आणि एका स्क्रूवर ती इतकी वर्षं गुण्यागोविंदाने नांदली आहेत. माझ्या मुठीला दोन कडी आहेत. लहान गोल कडं अंगठ्यासाठी आणि मोठं लांबट कडं बाकीच्या बोटांसाठी. ज्या कारागिराने मला घडवलं त्याने ही कडी उजव्या हाताच्या वळणाने वाकवली. तेव्हापासून जगातल्या सगळ्या डाव्या हातांशी माझा उभा दावा आहे.

मी ज्या हातात गेले तो हात मास्तरिणीचा. ती शिंपीण. सारी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची, कारण कापड बेतण्यात तिच्यासारखं मास्तर कुणी नव्हतं. मी तिच्याकडे आले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे सव्वीस वर्षं तिने दुसऱ्या कात्रीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिच्या अंगठ्याने माझ्या कड्यावरचा काळा रंग घासून काढला आणि माझ्या कड्याने तिच्या अंगठ्यावर घट्टा उठवला. आम्ही एकमेकींवर असा शिक्का मारून ठेवला होता.

दुकान तळमजल्यावर, घर वरच्या मजल्यावर. मास्तरिणीचा नवरा जहाजावर कामाला, वर्षातले आठ महिने पाण्यावरच. वर तिचा दीर, धाकटी जाऊ आणि त्यांची चार वर्षांची लेक राहायची. त्या पोरीला सगळे खार म्हणत, कारण ती चालत नसे, पळतच असे. धाकटी दुकानात शिवणयंत्रावर बसायची. वाटणी ठरलेली होती: मास्तरिणीने बेतायचं, धाकटीने शिवायचं. मला हात लावायची मुभा धाकटीला नव्हती.

"माझ्या कात्रीने कागद कापलास तर तुझी वेणी कापीन," मास्तरीण म्हणायची.

"ताई, कात्री आहे की घरातली मोठी सासू?" धाकटी हसत विचारायची.

गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमच्या हाताला यश आहे." मी मनात म्हणायचे, हातात कोण आहे तेही पाहा की! तेव्हा मला कुणाचाच हेवा वाटत नव्हता. ज्याचं ताट भरलेलं असतं तो दुसऱ्याच्या ताटात कशाला डोकावेल?

मग तो दिवस उजाडला. आमच्या गल्लीच्या संघाने सामना जिंकला होता. मास्तरिणीचा दीर संघाचा प्रशिक्षक. त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, त्याने फटाक्यांचं खोकं आणलं. वर पताका बांधायच्या होत्या म्हणून दोरी कापायला त्याने मास्तरिणीला हाक मारली. ती मला हातात घेऊनच बाहेर आली. तिने दोन दोऱ्या कापल्या आणि दारापाशी उभी राहून ती गंमत पाहू लागली.

त्यातला एक फटाका उडाला नाही. मोठा होता, मुठीत मावेल एवढा. वात सुरसुरली, धूर आला आणि सारं शांत झालं. दीर लांबूनच म्हणाला, "मेला तो. फुसका निघाला." त्याने दुसरा लावायला घेतला.

तेवढ्यात खार निघाली. तिला ते रंगीत भेंडोळं हवं होतं. मास्तरीण ओरडली, "अगं, नको!" पण खार कधी कुणाचं ऐकते? मास्तरिणीने मला घाईघाईने एप्रनच्या खिशात टाकलं, चार ढांगांत ती पुढे गेली, डाव्या हाताने पोरीला मागे ढकललं आणि उजव्या हाताने तो फटाका उचलला. भिंतीपाशी पाण्याची बादली होती, त्यात टाकायचा तिचा विचार होता.

मित्रांनो, माझा पहिला मत्सर त्या क्षणाचा आहे. मला खिशात टाकून तिने त्याला हातात धरलं, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. किती वेळ झाला असेल? तुम्ही एकदा डोळे मिटून उघडाल, तेवढा.

मग तो फुटला.

आवाजानंतर गल्लीत इतकी शांतता पसरली की पताका फडफडलेल्या मला ऐकू आल्या. मास्तरीण उभीच होती. आपल्या हाताकडे ती असं पाहत होती, जणू तो कुणा परक्याचा आहे. मग ती रस्त्यातच खाली बसली.

लोक धावले. कुणी म्हणालं दंतमंजन लावा, कुणी म्हणालं राख लावा. धाकटीने सगळ्यांना बाजूला केलं. तिने फोन कानाला लावला होता आणि रुग्णवाहिकेवरची बाई सांगेल तसंच ती करत होती. "काही लावायचं नाही! कुणी काही लावलं तर याद राखा." तिने मास्तरिणीच्या बोटातली अंगठी सूज चढायच्या आत काढली. धुतलेलं स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरलं आणि हात छातीच्या वर उचलून ठेवला. मग फोनमध्ये ऐकून ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज फाटला होता.

"बोट शोधा. अंगठ्याशेजारचं पहिलं बोट नाहीये."

जिंकलेल्या संघाचा प्रशिक्षक चिंध्या नि कागदांत गुडघ्यांवर रांगू लागला. बोट त्याला गटाराच्या कडेला सापडलं. धाकटीने ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळलं, पिशवीत बंद केलं आणि ती पिशवी बर्फावर ठेवली. "बर्फात थेट नाही ठेवायचं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, स्वतःलाच बजावल्यासारखी.

इस्पितळात परिचारिकेने तो एप्रन कापून काढला. तिच्या बोथट टोकाच्या स्वस्तातल्या कात्रीने! मी त्याच खिशात होते. मला बाहेर काढून एका पिशवीत टाकलं गेलं आणि बाकावर धाकटीच्या मांडीवर मी पाच तास पडून राहिले.

शेवटी हाताचा डॉक्टर बाहेर आला. उंच, वाकलेला माणूस. बोलायला लागला तेव्हा त्याने आधी खुर्ची ओढून घेतली.

"बोट नीट आणलंत, चांगलं केलंत. पण कापलेलं बोट वेगळं आणि स्फोटात उडालेलं वेगळं. त्याच्या रक्तवाहिन्या आतून चिंध्या झाल्यात. ते पुन्हा लावता नाही आलं."

दीर भिंतीला टेकला.

"अंगठा मात्र वाचवलाय. सांध्यातून निखळला होता, तारा घालून बसवलाय. मधलं बोट मोडलंय, ते जुळेल. अंगठा आणि बोटांच्या मधली जागा पार फाटली होती. तिथे त्या गेलेल्या बोटाचीच कातडी वापरली. म्हणजे आणलेलं वाया नाही गेलं."

"ताई पुन्हा कापड बेतेल ना?" धाकटीने विचारलं.

"आधी घास उचलू दे," डॉक्टर म्हणाला. "मग पाहू."

नंतर धाकटीने शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं, की शस्त्रक्रियेत डॉक्टर भिंगातून पाहतो आणि त्याची कात्री नखाएवढी असते. नखाएवढी! सव्वीस वर्षं त्या हाताची सोबत मी केली आणि अडचणीच्या वेळी त्याच्या आत शिरायचा मान त्या चिमुरडीला मिळाला. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथपासून.

दहा दिवसांनी तळव्यावरच्या भाजलेल्या भागाला मांडीची कातडी लावली. सहा आठवड्यांनी तारा निघाल्या. मास्तरीण दुकानात येऊन बसू लागली, पण माझ्याजवळ नाही. तिच्या हाताला प्लॅस्टिकचा एक साचा आला होता. तो अंगठा ताणून धरायचा, नाहीतर जखमेचा वण आक्रसून अंगठा तळव्याला चिकटला असता. दिवसा, झोपेत, सदानकदा तो साचा तिला मिठी मारून असे. सवत परवडली! निदान ती कधी माहेरी तरी जाते.

साच्याच्या जोडीला हिरवी माती आली. इस्पितळात हाताचे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, तिने ती दिली होती. मास्तरीण ती माती चिमटीत दाबायची, लांबवायची, तिचा पुन्हा गोळा करायची. दुखलं की ओठ चावायची. मी भिंतीवरच्या खुंटीवरून बघायचे. मातीला धार नाही, आकार नाही, अक्कल नाही. आणि तरी तो अंगठा तिच्यात रुतत होता.

वणाची कातडी इतकी हुळहुळी झाली होती की वाऱ्याची झुळूकही तिला सोसवत नव्हती. व्यायामाच्या बाईने सांगितलं होतं, निरनिराळी कापडं रोज वणावर फिरवा, आधी मऊ, मग खरखरीत. ते काम धाकटीने घेतलं. दुपारी यंत्र थांबवून ती चिंध्यांची टोपली घ्यायची. मास्तरीण डोळे मिटायची.

"मखमल," ती म्हणायची. "हे अस्तराचं सॅटिन. हे मांजरपाट. आई गं, हळू! हे गोणपाट आहे, गाढवा."

"बरोब्बर! ताई, तुम्ही तर जखमेनेसुद्धा कापड ओळखता."

दोघी हसायच्या. आणि त्या चिंध्या कुणी कापलेल्या होत्या? मी! माझंच उष्टं त्या हातावरून फिरत होतं आणि मी खुंटीवर.

पण काम तर थांबत नाही. शाळा सुरू व्हायला महिना उरला होता आणि गणवेशांचे गठ्ठे येऊन पडले होते. एका सकाळी धाकटीने मला खुंटीवरून काढलं. तिच्या हाताला घाम होता. मी रुसून पहिल्या दिवशी तिच्या अंगठ्याला फोड आणला. दुसऱ्या दिवशीही आणला. तिसऱ्या दिवशी तिने कड्याला पट्टी गुंडाळली आणि काय सांगू मित्रांनो, मला बरं वाटायला लागलं. पुन्हा कापड, पुन्हा खडूची रेघ, पुन्हा तो कर्रकर्र आवाज. निष्ठा निष्ठा म्हणतात ती खुंटीवर गंज खाताना फार काळ टिकत नाही.

आता गंमत बघा. इतके दिवस मी जिचा हेवा करत होते ती माती स्टुलावर नुसतीच पडून राहिली आणि मास्तरीण आमच्याकडे पाहू लागली. तिची नजर माझ्यावर नव्हती. ती धाकटीच्या बोटांवर होती. पहिल्या बोटावर. धाकटी ते बोट माझ्या पात्याला टेकवून रेघ साधायची, जसं मास्तरीण साधायची, तसंच.

"एवढं दाबायचं नसतं," मास्तरीण म्हणाली.

"बरं ताई."

"कोपर वर. कापड उचलू नकोस. कात्री टेबलावरून चालली पाहिजे."

"बरं ताई."

"बरं ताई, बरं ताई! नुसतं बरं म्हणून गळ्याचा घेर येतो का?"

त्याच सुमाराला दिराने एक खोकं आणलं. त्या दिवसानंतर तो वहिनीच्या नजरेला नजर देत नसे. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "वहिनी, डावखुऱ्यांची आहे. खास मागवली."

मास्तरिणीने झाकण उघडलं. आत नारिंगी मुठीची, हलकी, चकचकीत कात्री होती. माझं पोलाद थंड पडलं.

"ठेवा तिकडे भावजी," ती म्हणाली आणि खोकं खणात सरकवलं. मी सुटकेचा श्वास सोडला. खण माझ्या खुंटीखालीच होता.

दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. कोट पाहिला, खांदे फिरवून पाहिले आणि म्हणालं, "वा! मास्तरीणबाई, तुमची जाऊ तर तुमच्यावरही ताण करणार."

गिऱ्हाईक गेलं. मास्तरीण उठली. तिने डाव्या हाताने मला धाकटीच्या हातातून ओढून घेतलं आणि टेबलावरच्या निळ्या लोकरी कापडावर धरलं.

"ताई, ते कापड गिऱ्हाइकाचं आहे. तुकडा घ्या ना आधी."

"मला शिकवू नकोस."

डाव्या हातात माझी पाती एकमेकींपासून फाकतात. तो माझा घाटच आहे. कापड कापलं जात नाही, ते पात्यांमध्ये दुमडतं, चावलं जातं. हे मास्तरिणीला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी तिने जोर केला. कापड कुरतडून निघालं, उंदराने खाल्ल्यासारखं. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. बघ, त्या उजव्या हाताशिवाय मी कुणाची नाही! असं मला तिला दाखवायचं होतं.

धाकटी हळूच म्हणाली, "द्या ताई, मी बघते काही जोडता येतं का."

"तू बघ! तूच बघ सगळं!" मास्तरीण ओरडली. "तुझ्या पोरीसाठी गेला माझा हात, आता कात्रीही घे!"

माझा आनंद जागच्या जागी विझला. धाकटीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तिने यंत्रावर कापड टाकलं, चपला घातल्या आणि जिना चढून गेली.

आठ दिवस ती खाली आली नाही आणि मास्तरीण रात्रीही दुकानातच झोपली, वर गेली नाही. जेवणाचा डबा रोज वेळेवर यायचा, दिराच्या हातून. भाजीत मीठही बरोबर असायचं. बोलणं तेवढं बंद होतं. मास्तरीण गणवेशांच्या गठ्ठ्यांमध्ये एकटी बसून असे. एकदा खार जिन्यावरून डोकावली आणि म्हणाली, "काकू, मी खाली येऊ? आई म्हणते काकूला त्रास नको देऊ." मास्तरिणीने मान फिरवली, कारण तिला रडू आलं होतं.

नवव्या दिवशी तिने मला पिशवीत घातलं आणि इस्पितळात नेलं. व्यायामाच्या बाईनेच सांगितलं होतं, तुमचं हत्यार घेऊन या. ती बाई लहानखुरी, मोठ्या चश्म्याची, बोलायला रोखठोक. तिने माझ्या कड्यांना आतून स्पंजाची पट्टी लावली आणि समोर कागद ठेवला, त्यावर एक सरळ रेघ.

"कागद?" मास्तरीण म्हणाली. "माझी कात्री कागद कापत नाही."

"मग आज कापेल."

चार महिन्यांनी तो हात माझ्या मुठीत आला. पण मित्रांनो, मी त्याला ओळखलं नाही. अंगठा ताठर होता, घट्टा गेला होता. जिथे पहिलं बोट टेकायचं तिथे नुसती हवा होती. तिने श्वास रोखला आणि कापायला सुरुवात केली. आम्ही रेघेवर राहिलो. शेवटपर्यंत! मग तिची पकड सुटली आणि मी टेबलावर पडले. तिच्या कपाळावर घाम होता.

"उत्तम," बाई म्हणाली. "रोज किती वेळ कापता तुम्ही?"

"सहा-सात तास."

"सध्या सहा-सात मिनिटं होतील. वाढतील. कुठवर वाढतील ते मी आज सांगू शकत नाही, आणि खोटं सांगणार नाही." तिने चश्मा वर सरकवला. "एक विचारू? हा हात तुम्हाला कामाला हवाय, की या कात्रीलाच?"

मास्तरिणीने माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, मला म्हण! मला म्हण!

"कामाला," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती दुकानात शिरलीच नाही. थेट जिना चढली आणि दार वाजवलं. धाकटीने दार उघडलं. तिच्या हातांना पीठ लागलं होतं.

"आत येऊ?" मास्तरिणीने विचारलं. स्वतःच्याच घरात.

"या ना ताई."

मास्तरीण उभीच राहिली. "तुझ्या पोरीसाठी हात गेला, असं मी बोलले. खोटं बोलले. फटाका पोरीने लावला नव्हता, मी उचलला. उडाला नाही म्हणून तो मेला असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. वरून पाणी ओतून लांब राहायचं, हे सुचलं नाही. पण खार परत तशी पळाली तर मी परत पळेन. ते मी तुला ऐकवायला नको होतं."

धाकटी रडू लागली. "ताई, मी रोज मनात तेच म्हणते. तुम्ही नसतं म्हटलं तरी मी म्हणतच होते."

"राग त्याचा नव्हताच गं. मी तुझ्या बोटांवर जळत होते. दहा आहेत तुझी. रोज मोजायचे, एखादं कमी होतंय का बघायला."

धाकटीला रडता रडता हसू फुटलं. "आणि झालं असतं तर?"

"तर दोघी मिळून दुकान बंद केलं असतं!"

मग मास्तरिणीने मला पिशवीतून काढलं. पाती स्वतःच्या तळव्यात धरली आणि मूठ धाकटीकडे केली. उजव्याच हाताने. डाव्याची मदत तिने घेतली नाही.

"घे. कागद कापलास तर वेणी कापीन," ती म्हणाली. "पण आज मीच कापून आलेय, तेव्हा तेही जाऊ दे."

मित्रांनो, त्या दिवशी माझी बदली झाली. गणवेश शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोचले. त्या नारिंगी मुठीच्या कात्रीचं खोकं उघडलं गेलं. सुरुवातीला तिच्या रेघा दारुड्यासारख्या चालल्या आणि मी गालातल्या गालात हसले. आता त्या सरळ जातात. निळ्या लोकरीच्या त्या कापडाचा खारीसाठी झगा झाला. ज्या गिऱ्हाइकाचं ते होतं त्याला नवं कापड आणून दिलं.

मास्तरिणीच्या उजव्या हातालाही काम मिळालं आहे. तो कापड दाबून धरतो. वीण, आडवे-उभे धागे, चुणी, सारं त्या वणाला डोळ्यांआधी कळतं. तो टेबलभर फिरतो आणि कधीकधी कापतानाच माझ्या पात्याच्या अगदी जवळून जातो. मला शिवत नाही. तेव्हा मला अजून जळायला होतं. त्या कापडाचा हेवा वाटतो, ज्याच्यावरून तो हात फिरतो. हेवा म्हणजे गंजासारखा असतो, एकदा पुसून संपत नाही. पण तेल देत राहिलं तर धार शाबूत राहते, एवढं मी शिकले. मास्तरीण शिकली ते माझ्याहून मोठं होतं. तिने आपला हेवा जिच्याविषयी होता तिलाच जाऊन सांगितला.

तुम्हाला दहा बोटं आहेत ना? ती मोजत बसू नका, पण सांभाळा. फटाका न उडता पडला असेल तर तो मेलेला नसतो, तो तुमची वाट पाहत असतो. त्याला उचलू नका, वाकून पाहू नका, पुन्हा पेटवू नका. लांबून मोठ्या माणसाला हाक मारा. आणि घात झालाच, तर राख-मंजन फासणाऱ्यांना बाजूला सारून इस्पितळ गाठा. मी पोलादाची आहे. माझं पातं मोडलं तर दुसरं मिळतं. मी ज्या बोटावर सव्वीस वर्षं प्रेम केलं, तसं दुसरं कुठल्याच कारागिराला घडवता आलं नाही.